शिफ्टिंगच्या वेळी बाबांना बहिणीकडे पाठवून देऊ का?

मी काउन्सेलर, आणि बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली की माझ्याकडे हमखास येणारा प्रश्न आहे हा. शब्द थोडेफार बदलतात पण मुद्दा तोच, "म्हाताऱ्या माणसाला दगदग नको, महिनाभर बहिणीकडे नाहीतर गावी ठेवतो, सामान लावून झालं की थेट नव्या घरात आणतो, चालेल ना?" विचारणारे काळजीपोटीच विचारतात आणि माझ्याकडून 'हो' ऐकायचं अशा तयारीने आलेले असतात. मी बहुतेक वेळा 'नको' म्हणते. का म्हणते ते एका केसवरून सांगते. घरच्यांना विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

डोंबिवली पूर्वेचं कुटुंब. तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही, ऐंशीच्या दशकातली बिल्डिंग. काका अठ्ठ्याहत्तरचे, रेल्वेच्या परळ वर्कशॉपमधून रिटायर झालेले, काकू जाऊन काही वर्षं झालेली. मुलगा, सून आणि दहावीतली नात. माझ्याकडे आधी आली ती सून, एकटीच. मोबाईलमध्ये अख्खी एक्सेल शीट, कुठलं खोकं कुठल्या खोलीचं, गॅसचं कनेक्शन कधी बंद करायचं, पॅकर्सचे तीन कोटेशन, नातीच्या प्रीलिमच्या तारखा, सगळं रंग भरून. खरंच कौतुक वाटावं असं काम. आणि शेवटी म्हणाली, "मॅडम, सगळं बसतंय, बाबाच बसत नाहीयेत कशात."

झालं होतं असं की दिवसभरात हिने खोकी पॅक करून टेप लावायची आणि रात्री काकांनी उठून ती फोडायची. सकाळी हॉलभर पसारा. विचारलं की चिडायचे, नाहीतर नुसतं "बघत होतो" म्हणायचे. जेवण कमी झालेलं, पहाटे तीनलाच जाग. बोलावलं तर जेवायला येतात पण टीव्हीवरच्या बातम्यांवरसुद्धा चिडत नाहीत, हे सांगताना तिचे डोळे भरून आले होते, कारण बातम्यांवर चिडणं हा त्यांचा रोजचा व्यायाम. गंमत म्हणजे रिडेव्हलपमेंटला सगळ्यात आधी सही काकांचीच. हे सोसायटीचे अनेक वर्षं सेक्रेटरी, 2019 च्या जीआरनंतर (सरकारी निर्णयानंतर) 51 टक्के सभासदांची संमती पुरते हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना यांनीच समजावून सांगितलेलं. त्यामुळे घरच्यांना कळेना की ज्यांनी पुढाकार घेतला त्यांनाच आता काय झालं. सुनेला भीती डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची होती आणि नणंद तिकडून म्हणत होती की पाठवून द्या माझ्याकडे ठाण्याला, तुम्ही उरकून घ्या.

आधी मी त्यांना फॅमिली डॉक्टरकडे पाठवलं. हे कुणी वगळू नका. वयस्कर माणसात वागणं बदललं की सगळं 'मनाचं' किंवा सगळं 'वयाचं' समजून चालत नाही. लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, थायरॉईड, बी ट्वेल्व्ह, नवीन चालू केलेलं एखादं औषध, कशानेही माणूस गोंधळतो. विशेषतः दोनचार दिवसांत अचानक भ्रम झाल्यासारखं वागणं सुरू झालं तर काउन्सेलरची अपॉइंटमेंट न घेता थेट दवाखाना गाठायचा. काकांच्या रिपोर्टमध्ये तसं काही निघालं नाही, स्मरणशक्तीच्या तपासणीतही पहिल्या नंबरने पास.

मग काका एकटे आले. पहिली वीसेक मिनिटं मला रेल्वेचे डबे कसे दुरुस्त होतात ते ऐकायला मिळालं आणि मी ते मनापासून ऐकलं. मग सरळ विचारलं, काका, रात्री खोकी का उघडता? तर म्हणाले, "चेक करतो. माझे दिवाळी अंक रद्दीत गेले, मला नंतर कळलं. उद्या हत्यारांची पेटी भंगारात जाईल. खोक्यावर लिहिलंय 'बाबा, इतर'. इतर म्हणजे काय, मॅडम?"

म्हणजे बघा, ज्याला घरचे विसरभोळेपणा समजत होते ते ऑडिट होतं. माणूस आयुष्यभर सेक्रेटरी, न बघता सील कसं मारू देईल. सुनेनेही वाईट हेतूने काही केलं नव्हतं, माळ्यावर वाळवी लागलेले गठ्ठे होते, तिने दिले. पण न विचारता एक गठ्ठा गेला की पुढच्या प्रत्येक खोक्यावरचा विश्वास जातो, आणि मग जितकं झटपट आवरायला जाल तितकं ते रात्री उलटं होतं.

यापेक्षा मोठी गोष्ट नंतर आली, उठायच्या वेळेला. बहुतेकांची खरी गोष्ट चप्पल घालतानाच बाहेर येते. म्हणाले, "बिल्डर तीन वर्षं म्हणतोय. आपण पाच धरू. मी अठ्ठ्याहत्तरचा." बस, एवढंच. पुढचा हिशोब त्यांनी माझ्यावर सोडला.

आपल्याकडे रिडेव्हलपमेंटवर बोलताना कार्पेट एरिया, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम), भाडं, पार्किंग सगळं बोलतात, पण घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या डोक्यात जो पहिला प्रश्न असतो, की मी या जागेत परत येईन का, तो कुणी तोंडावर आणत नाही. तरुणांसाठी ते टेम्पररी शिफ्टिंग असतं. त्यांच्यासाठी ते कदाचित कायमचं निघणं असतं, आणि तेही जिथे बायकोबरोबर संसार केला त्या घरातून. त्यात बिल्डिंग पाडणार, म्हणजे कधीतरी जाऊन जिन्यात उभं राहून यावं म्हटलं तर ते पण नाही. अमेरिकेत बॉस्टनच्या वेस्ट एंड भागात 1950 च्या दशकाच्या शेवटी अख्खी वस्ती पाडून लोकांना हलवलं, तेव्हा मार्क फ्राइड या मानसशास्त्रज्ञाने त्या लोकांचा अभ्यास केला आणि 1963 साली मांडलं की घर गेल्याचं दुःख बऱ्याच जणांमध्ये जवळचं माणूस गेल्यासारखंच दिसतं. मला हे पटतं. डोंबिवलीत तर नवीन फ्लॅट मिळणार म्हणून पेढे वाटलेले असतात, त्यामुळे दुःख दाखवायची सोयच नाही. सगळे खूश आणि तुम्ही रडता काय!

आमच्या क्षेत्रात होम्स आणि राही यांची 1967 ची ताणाच्या घटनांची यादी प्रसिद्ध आहे. त्यात जोडीदाराचा मृत्यू 100 गुण आणि घर बदलणं फक्त 20. लोक म्हणतात मग एवढं काय. पण त्याच यादीत फावल्या वेळातल्या गोष्टी बदलणं 19, लोकांत मिसळणं बदलणं 18, झोपेच्या सवयी 16, खाण्याच्या सवयी 15 असं वेगवेगळं आहे. काकांच्या वयात घर बदललं की हे सगळं एकदमच बदलतं, सकाळचा गणेश मंदिराचा फेरा, कट्ट्यावरची मंडळी, ओळखीचा न्हावी, उधार ठेवणारा मेडिकलवाला. बेरीज केली तर 88 होते. यादी साठच्या दशकातल्या अमेरिकन लोकांवरची आहे, आकडे शब्दशः घेऊ नका, पण 20 दिसतं ते 20 नसतं एवढं लक्षात ठेवा.

पुढचं सेशन सगळ्यांचं एकत्र. काकांनी हिशोब परत एकदा बोलून दाखवला आणि मुलगा लगेच म्हणाला, "काहीतरीच काय बोलता बाबा, शंभरी गाठाल." हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय! प्रेमाचंच असतं पण त्याने दार बंद होतं. मी मुलाला म्हटलं, जरा थांबा, ते मरणाची भीती सांगत नाहीयेत, कामं राहिलीत ती सांगतायत, विचारा कुठली. आणि खरंच निघालं, सोसायटीतलं नॉमिनेशन अजून काकूंच्या नावावर! काकू गेल्या, कागद तसाच राहिला, आणि आता नवीन जागेचा करार होणार. स्वतः सेक्रेटरी असलेल्या माणसाला हे किती खात असेल विचार करा, लाजेने बोलले नव्हते इतकंच. नॉमिनेशन बदललं, आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे म्हणून वकिलाकडे जाऊन दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्रही केलं. त्या आठवड्यात पहिल्यांदा काका पाचपर्यंत झोपले असं सुनेने कळवलं. मी काही जादू केली नव्हती, एक राहिलेलं काम झालं होतं.

आता तयारीचं. आम्ही एक्सेल फेकून दिली नाही, त्यात काकांना खातं दिलं. जुनी कागदपत्रं आणि माळा हे त्यांचं, आणि त्यांच्या सहीशिवाय त्यातलं काही बाहेर जाणार नाही. वेळ सकाळचा चहा झाल्यावर तासभर, एका दिवशी एकच कप्पा. संध्याकाळी नाही, थकलेलं माणूस आणि दमलेली सून यांना माळ्यासमोर उभं करू नये. आणि "हे टाकू का?" हा प्रश्न बंद. त्याऐवजी "हे कुणाला द्यायचं?" टाकायला कुणालाच आवडत नाही पण द्यायला आवडतं. पाटा-वरवंटा शेजारच्या वहिनींकडे गेला, हत्यारांतली डुप्लिकेट ओळखीच्या इलेक्ट्रिशियनच्या पोराला, काकूंचं शिवणयंत्र मात्र हलणार नाही म्हणाले, ठीक, नाही हलणार, म्हणजे आपल्यासोबत येणार. जागा अडेल तर अडू दे. सगळंच लॉजिकने ठरवायला गेलात तर घर आवरेल पण घरात भांडण राहील.

भाड्याचं घर निवडतानाही त्यांना शेवटी दाखवायला न नेता आधी नेलं. दोन पर्याय होते. एक शीळ रोडला मोठं, लिफ्टवालं, क्लब हाऊस वगैरे. दुसरं पूर्वेलाच, लहान, पहिल्या मजल्यावर. मुलाचा कल मोठ्याकडे. काकांनी दुसरं निवडलं, कारण तिथून मंदिर आणि कट्टा चालत जाता येतो. माझं मत विचाराल तर वयस्कर माणूस घरात असेल तर भाड्याचं घर लांबचं ऐसपैस घेण्यापेक्षा जवळचं अडचणीचं घ्यावं, भिंती बदलल्या तरी माणसं तीच राहतात. आणि करार 11 महिन्यांचाच करायचा ही नुसती पद्धत पडलीय, घरमालक तयार असेल तर 24 किंवा 36 महिन्यांचा करून घ्या, रजिस्टर तर दोन्ही करावेच लागतात. दर वर्षी परत खोकी बांधायची धास्ती त्यांना आपल्यापेक्षा जास्त असते.

शिफ्टिंगच्या दिवसाबद्दल मात्र मी मधला रस्ता सांगते. हमाल, धूळ, जिन्यात कपाट अडकलेलं, यात त्यांना दिवसभर बसवायची गरज नाही. काका सकाळी घरी होते, देवघरातले देव त्यांनी स्वतः काढून पिशवीत घेतले, दुपारभर मित्राकडे गेले आणि संध्याकाळी आले तेव्हा घर लागलेलं नव्हतं, फक्त त्यांची खोली लागलेली होती. हे मुद्दाम. त्यांचा कोपरा सगळ्यात शेवटी पॅक करायचा आणि सगळ्यात आधी उघडायचा. पलंगाची बाजू तीच, उठल्यावर बाथरूम ज्या हाताला होतं शक्यतो त्याच हाताला, दिव्याचं बटण हाताशी, वाटेत रात्रभर बारीक दिवा आणि खोकी अजिबात नाहीत. नव्या घरातल्या पहिल्या काही रात्री अंधारात जुन्या सवयीने वळून पडायचा धोका फार असतो, आणि या वयात खुब्याचं हाड मोडणं परवडत नाही. औषधं, प्रिस्क्रिप्शन, चष्मा, कवळीचा डबा, पेन्शनचे कागद ही पिशवी टेम्पोत टाकायची नाही, कुणाच्या तरी खांद्यावर. दूध काकांनी उतू घालवलं. भाड्याच्या घरात कशाला म्हणून नात हसत होती, पण ते म्हणाले गॅस आपला आहे ना, मग झालं.

पहिले दोनतीन आठवडे कठीणच गेले. काका एकदा कट्ट्यावरून सवयीने जुन्या बिल्डिंगकडे गेले आणि पत्र्याच्या कुंपणापर्यंत जाऊन परत आले. सून घाबरली, मी म्हटलं घाबरू नका, त्यांना रस्ता आठवतोय म्हणूनच गेलेत, फक्त फोन सोबत राहू दे. नंतर ते मुद्दामच जायला लागले, वॉचमनकडून कामाचा रिपोर्ट घ्यायला. बातम्यांवरची चिडचिड सुरू झाली तेव्हा सुनेचा मेसेज आला, तिला इतका आनंद सासऱ्यांच्या ओरडण्याचा आयुष्यात झाला नसेल.

आता ज्यांच्या घरी डिमेन्शियाचं निदान आधीच झालेलं आहे त्यांच्यासाठी वेगळं, कारण वरचं सगळं त्यांना जसंच्या तसं लागू नाही. तिथे दोन महिने आधीपासून "आपल्याला जायचंय" सांगत बसलात तर रोज नव्याने धास्ती बसते, अशा वेळी थोडे दिवस आधी, छोट्या वाक्यात सांगा, पॅकिंग त्यांच्या डोळ्यांसमोर कमी करा, आणि त्या दिवशी ओळखीच्या माणसासोबत बाहेर ठेवलंत तर ते योग्यच आहे. नव्या घरात जुनीच चादर, जुनंच घड्याळ, बाथरूमच्या दारावर मोठं चित्र. संध्याकाळी अस्वस्थता वाढते, तेव्हा घरात कुणीतरी हवंच. आणि डिमेन्शिया नसतानाही महिना उलटून झोप, भूक, बोलणं परत आलं नाही, किंवा "आता जगून काय करायचं" असं एकदा जरी ऐकू आलं, तर हळूहळू रुळतील म्हणून थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. रात्रीअपरात्री कुणी सापडत नसेल तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.