स्कूटीची किल्ली हातात घेतली तरी धडधडतं

प्रश्न: ताई नमस्कार, मी 39 वर्षांची, कोल्हापूरला फुलेवाडीत राहते, नोकरी दसरा चौकाजवळ. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात खडीवरून स्कूटी घसरली, मनगट फ्रॅक्चर झालं, प्लास्टर घातलं. हात बरा झाला पण गाडीवर परत काही बसले नाही. आधी दहा वर्षं बिनधास्त चालवायचे, आता किल्ली घेतली तरी छातीत धडधडतं, तळहाताला घाम सुटतो. ऑफिसला नवरा सोडतो, मुलीच्या क्लासला रिक्षा, आईकडे जायचं तरी कुणाला तरी विचारायचं. घरचे म्हणतात एवढं काय घाबरतेस. मलाच माझी लाज वाटते. काय करू?

उत्तर: लाज अजिबात वाटून घेऊ नका. हाड मोडलंय तुमचं, शरीर ते लक्षात ठेवणारच, आणि "घाबरू नकोस" म्हटल्याने आजवर कुणाची भीती गेलेली मी तरी पाहिली नाही.

आता एक बघा, किल्ली परत खुंटीला अडकवली की कसं हायसं वाटतं ना? सगळी गोम तिथेच आहे. त्या हायसं वाटण्यातून मन शिकतं की बघ, गाडी टाळली म्हणून वाचलो, आणि दर वेळी भीती अजून घट्ट होते. दोन वर्षं तुम्ही नकळत हाच सराव केलाय.

उलटा सराव हळूहळू करायचा. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या एका छोट्या मुलाला आवडीचा खाऊ देत देत पिंजऱ्यातला ससा रोज थोडा जवळ आणला, शेवटी तो सशाला हात लावून खेळायला लागला. तुमचा ससा म्हणजे स्कूटी. आधी नुसती पुसा, स्टँडवरच बसा. मग इंजिन चालू करून बसा, मग दारातल्या दारात, मग रविवारी सकाळी लवकर गल्लीत दोन चकरा. रंकाळ्याकडे इतक्यात नको, तिथे सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी असते. दसरा चौक तर अगदी शेवटी. प्रत्येक पायरीला धडधडणारच, पण धडधड ऐन भरात असताना उतरू नका, थोडी ओसरेपर्यंत थांबा, कारण उतरलात की पुन्हा तेच हायसं वाटणं. तीच पायरी चार-पाच दिवस करा, कंटाळा आला की पुढची. आणि नवऱ्याला मागे बसवू नका बरं का, त्यांच्या सूचनांनी अजून गोंधळ होईल.

खडीवर पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक घसरतं, तुमचंही तसंच झालं असेल. तिथे वेग आधीच कमी करायचा, हँडल सरळ ठेवायचं, ब्रेक हलके. 2019 च्या एप्रिलपासून नव्या स्कूटींना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागायची सोय आली, तुमची त्याआधीची असेल तर हे जास्तच सांभाळा.

अपघात सारखा डोळ्यांसमोर येत असेल, झोपेतून दचकून उठत असाल तर मात्र एकटीने रेटू नका, समुपदेशकाकडे जा. सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर मोफत आहे, मराठीतून बोलता येतं.

आणि हो, दोन वर्षं उभ्या गाडीची बॅटरी उतरलेली असणार, टायरची हवा गेलेली असणार. आधी मेकॅनिकला बोलवा, इन्शुरन्स आणि पीयूसी बघून घ्या, मग पुसायला कापड हातात घ्या.