मुलगा पाळक व्हायचं म्हणतो

प्रश्न : मुलगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बँकेच्या परीक्षांचा क्लास त्याने मध्येच सोडला. म्हणतो, लोकांची आयुष्यं बदलताना बघितली की बरं वाटतं, चर्चचा पाळकच (पास्टर) होणार. आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, सी.एन.आय.ची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), सेवेला आमचा विरोध नाही. पण पोट भरेल का? त्याचे बाबा रेल्वेत आहेत, महिनाभर त्याच्याशी धड बोलले नाहीत. दर शनिवारी तो चर्चच्या तरुण संघासोबत मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाच्या) वॉर्डात जातो. आला की दोन पोळ्या जास्त खातो.
– एक आई, मोहननगर, नागपूर

उत्तर : ताई, पोळ्यांचं लिहिलंत ते बरं केलंत. वॉर्डातून थकून आलेल्या मुलाला भूक लागते, म्हणजे ते काम त्याला पोखरत नाही, उभारी देतं.

आधी पोटाचं सांगते, कारण मी पाळकाची मुलगी आहे. आमच्या घरी पगार कमी होता आणि कधी कधी उशिराही व्हायचा. घर मंडळीचं, म्हणजे निवृत्तीनंतर ते सोडायचं. हे मुलाला आजच स्पष्ट सांगा.

पण दुसरी बाजूही मी पाहिली आहे. मंडळीत एक सुतारकाका होते. शनिवारी मजुरी हातात पडली की ती गुत्त्यावर जायची. बाबा दर शनिवारी संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचे. उपदेश नाही, नुसत्या गप्पा, रात्र होईपर्यंत. असं चार वर्षं चाललं. मध्ये दोनदा सुटलेली दारू पुन्हा लागली. मग एका रविवारी काका उपासनेच्या तासभर आधी आले आणि कुणी न सांगता तिसऱ्या रांगेतला डुगडुगता बाक ठोकून नीट केला. त्या दिवशी बाबा जेवताना आईला त्या बाकाबद्दलच सांगत राहिले. त्यांचा तसा चेहरा मी पगाराच्या दिवशी कधी पाहिला नाही.

त्याच गल्लीत आणखी एक घर होतं. तिथला मुलगा शेवटपर्यंत सावरला नाही. बाबा त्या घरीही तितकेच जायचे. तुमच्या लेकाला मला हेच विचारायचं आहे : कुणी बदललंच नाही, तरी पुढच्या शनिवारी जाशील का? मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले, त्यांनी शाळा चालवल्या, आणि १८६३ साली पुराच्या पाण्यात बुडून वारले. त्यांच्या नावाचं कॉलेज निघालं १८८३ साली. ते त्यांनी पाहिलंच नाही.

आता वाट. पदवी पूर्ण होऊ द्या, ती अर्धवट सोडू देऊ नका. सी.एन.आय. १९७० साली नागपुरातच स्थापन झाली, त्यामुळे विचारायला माणसं जवळच आहेत. पाळकसाहेबांना भेटा. आधी स्थानिक मंडळीची शिफारस लागते, मग धर्मप्रांताकडून (बिशपच्या अखत्यारीतल्या विभागाकडून) निवड होते. त्यानंतर सेरामपूर विद्यापीठाशी संलग्न सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या महाविद्यालयात, बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी), पदवीधरांना साधारण चार वर्षं. आपल्या यवतमाळात १९५३ साली सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ पासून पुण्यात आहे, तिथेही चौकशी करा. पाळकपदाची दीक्षा लगेच मिळत नाही, त्याआधी उमेदवारीचा काळ असतो.

अर्ज करण्याआधी त्याने एक वर्ष थांबावं असं माझं मत आहे. नोकरी करावी, शनिवार सोडू नये. वर्षाने ओढ तेवढीच राहिली तर ते पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, समजायला हरकत नाही. लोकांसोबत राहायचंय पण वेदीवर उभं राहायचं नाही, असं त्याला वाटलं तर नागपुरातच मातृसेवा संघाच्या किंवा तिरपुडे कॉलेजात एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करता येईल. दोन वर्षांत पगाराची वाट उघडते, आणि ती सेवा काही कमी प्रतीची नाही.

राहिले त्याचे बाबा. त्यांना समजावत बसू नका. ड्यूटी नसेल अशा एखाद्या शनिवारी त्यांनाही मुलासोबत मेडिकलला पाठवा. सोबत चहाचा थर्मास द्या, वॉर्डात रुग्णांच्या नातेवाइकांना तो लागतोच.