बीआरसीए१ पॉझिटिव्ह आलं म्हणजे नक्की काय बिघडलंय?

प्रश्न : माझ्या मावशीला ओव्हरीचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, आता डॉक्टरांनी ओलापॅरिबच्या गोळ्या चालू केल्यात. रिपोर्टमध्ये बीआरसीए१ मध्ये म्युटेशन आहे असं आलंय. भाऊ म्हणतो हा कॅन्सरचा जीन आहे आणि तो आपल्या घरात शिरलाय. मी वाचलं होतं की या जीनचा डीएनएची कॉपी होण्याशी संबंध असतो. तो कसा? आणि आम्ही भावंडांनी टेस्ट करावी का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सगळ्यात आधी तुमच्या भावाला सांगा की बीआरसीए१ प्रत्येक माणसात असतो, तुमच्यात, माझ्यात, सगळ्यांत, आणि तो कॅन्सर करत नाही तर अडवतो. मावशींना जन्मापासून त्याच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली मिळाली (म्युटेशन म्हणजे हाच बिघाड), दुसरी चांगली होती म्हणून इतकी वर्षं काही झालं नाही, मग कधीतरी ओव्हरीच्या भागातल्या एखाद्या पेशीत ती चांगली प्रतही गेली आणि तिथून पुढे सगळं सुरू झालं.

आता कॉपीचं. पेशीचे दोन भाग व्हायच्या आधी सहाशे कोटींहून जास्त अक्षरांचा डीएनए आठेक तासांत पुन्हा लिहिला जातो. एका टोकाने सुरू करून हे जमणारच नाही, म्हणून तीस ते पन्नास हजार ठिकाणांहून काम सुरू होतं, तिथे डीएनए बॅगेची चेन उघडावी तसा उघडत जातो आणि मागोमाग नवीन धागा तयार होत जातो. या उघडणाऱ्या जागेला रेप्लिकेशन फोर्क म्हणतात. फोर्क वाटेत अडकतो, आणि हे निरोगी पेशीतही रोज होतं, कुठे अक्षर खराब झालेलं असतं, कुठे कच्चा माल कमी पडतो. अडकलेला फोर्क धोक्याचा, कारण एमआरई११ नावाचं एन्झाइम ताजा धागा कुरतडायला लागतं. बीआरसीए१चा जोडीदार जीन बीआरसीए२ तिथे आरएडी५१ या प्रोटीनचं आवरण चढवून धागा वाचवतो, बीआरसीए१ सुद्धा याच कामात असतो, आणि धागा तुटलाच तर शेजारच्या नव्या कॉपीत बघून जसाच्या तसा जोडायचं कामही हेच दोघं करतात. हे नसले की पेशी तुटलेली टोकं कशीही चिकटवते, चुका साठत जातात आणि त्यातलीच एखादी चूक पुढे कॅन्सरला वाट करून देते.

दुसऱ्या प्रकारचे जीन बरोबर उलटं करतात. मिक, रास, सायक्लिन ई हे पेशीला वाढ म्हणून सांगणारे जीन, ते बेफाम झाले की पेशीची पुरती तयारी नसतानाच कॉपी सुरू होते. सायक्लिन ई जास्त झालं तर नको तिथे, म्हणजे जीनच्या आतच कॉपीला सुरुवात होते आणि तिथे आधीच आरएनए, म्हणजे जीनची कामापुरती नक्कल, बनवत असलेल्या यंत्रणेशी टक्कर होते, शिवाय न्यूक्लिओटाइड, म्हणजे डीएनएचा कच्चा माल, पुरत नाहीत. २००५ मध्ये थानोस हालाझोनेटिस आणि यिरी बार्टेक या संशोधकांच्या गटांनी दाखवलं की कॅन्सर पूर्ण होण्याच्या कितीतरी आधी, सुरुवातीच्या गाठींमध्येच डीएनए तुटल्याचा अलार्म वाजत असतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण कॅन्सर म्हणजे नुसती भराभर वाढ समजतो, पण त्या घाईत कॉपी फाटत असते, आणि पी५३ सारखे रखवालदार जीन निकामी झाले की अशी फाटकी पेशीसुद्धा वाढतच राहते.

मावशींची गोळी याच दुबळ्या जागेवर घाव घालते. ओलापॅरिब डीएनएची बारीक मोडतोड दुरुस्त करणाऱ्या पार्प नावाच्या प्रोटीनला डीएनएवरच अडकवून ठेवतं, येणारा फोर्क त्यावर आपटतो आणि धागा तुटतो. मावशींच्या बाकीच्या पेशींत बीआरसीए१ची एक चांगली प्रत शाबूत आहे म्हणून त्या हे निस्तरतात, गाठीतल्या पेशीकडे ती नाही, त्यामुळे ती मरते. ही कल्पना २००५ ची, अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली २०१४ मध्ये. हिमोग्लोबिन उतरणं आणि थकवा हे नेहमीचे त्रास आहेत, म्हणून दर महिन्याची सीबीसी ही रक्ततपासणी चुकवू देऊ नका. काही पेशंटमध्ये गाठीतला बीआरसीए पुन्हा दुरुस्त होतो आणि गोळी लागू पडेनाशी होते, त्यामुळे फॉलोअप सोडायचा नाही, बरं वाटत असलं तरी.

टेस्टचं म्हणाल तर आधी तुमच्या आईची करा. मावशींचं म्युटेशन त्यांच्या आईवडिलांपैकी एकाकडून आलेलं असेल, तर तुमच्या आईंकडे ते असण्याची शक्यता निम्मी. आईंचं निगेटिव्ह आलं तर तुम्हा भावंडांना मावशींचं हे म्युटेशन असण्याचा प्रश्नच मिटला. पॉझिटिव्ह आलं तर मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाला निम्मी शक्यता, आणि भावानेही टेस्ट करायला हवी, कारण पुरुषाकडूनही ते मुलांकडे जातं. ज्या बायकांत बीआरसीए१ बिघडलेला असतो त्यांना ऐंशी वर्षांपर्यंत ब्रेस्ट कॅन्सरची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास आणि ओव्हरीची ४० च्या वर धरतात, म्हणून रिपोर्ट हातात पडायच्या आधीच जेनेटिक काउन्सेलरशी, म्हणजे घरात चालत येणाऱ्या आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाशी, बोलून घ्या. टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्रात याचं वेगळं युनिट आहे. जाताना मावशींचा मूळ रिपोर्ट नक्की न्या, त्यात म्युटेशनची नेमकी जागा लिहिलेली असते, मग लॅबला तेवढीच एक जागा तपासावी लागते आणि खर्चही कमी येतो.