‘फुल्ली फंडेड’ म्हणजे नेमकं किती फुल?

प्रश्न : ताई, मी बीएस्सी ॲग्री केलंय, सीजीपीए ७.२, पास होऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून पाणलोटाचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत आहे. घरची चार एकर कोरडवाहू. मित्र म्हणतात बाहेरच्या स्कॉलरशिपा टॉपर लोकांना मिळतात, तू गप एमपीएससी कर. खरंच मला बिनपैशात मास्टर्स करता येईल का, आणि सुरुवात कुठून करू? — एक वाचक, संगमनेर

उत्तर : मित्रांचं ऐकू नकोस रे. म्हणजे एमपीएससी कर नाहीतर नको करू, पण टॉपरवाली गोष्ट या बाबतीत अर्धवट खरी आहे. विकसनशील देशांसाठी म्हणून ज्या स्कॉलरशिपा काढल्यात ना, त्यातल्या बऱ्याच जणांना नुसती मार्कशीट नकोच असते, त्यांना काम केलेला माणूस हवा असतो. डाड म्हणजे स्कॉलरशिपा देणारी जर्मनीची संस्था, तिची ‘एपॉस’ नावाची योजना घे, पदवीनंतर किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. तू चार वर्षांवर आहेस, म्हणजे एकदम मोक्यावर, पण दोनच वर्षं उरलीत हेही लक्षात घे. ब्रिटनची चिव्हनिंग २,८०० तासांचा अनुभव मागते, त्यात पार्टटाइम आणि स्वयंसेवी कामाचे तासही धरतात. जपान आणि वर्ल्ड बँकेची मिळून एक आहे, तिथे तीन वर्षं लागतात. यंदा जूनमध्ये ९ सीजीपीए घेऊन बाहेर पडलेला पोरगा नुसत्या मार्कशीटवर या तिन्हींना फॉर्म भरू शकत नाही, हे मित्रांना सांग.

आता मार्कांचं. जर्मनीत उलटं असतं, १ म्हणजे सगळ्यात भारी आणि ४ म्हणजे काठावर पास. तुझे ७.२ तिकडे कसे दिसतात ते बघ : १० मधून ७.२ गेले, उरले २.८. १० आणि पासिंगचे ५ यातला फरक ५. २.८ भागिले ५, गुणिले ३, अधिक १. आलं २.६८. ज्या कोर्सला २.५ किंवा त्याहून भारी हवेत तिथे वेळ घालवू नको, पण ३ पर्यंत चालणारे कोर्सही असतात. आधी हा हिशोब करायचा आणि मग कोर्स निवडायचे, लोक नेमकं उलटं करतात आणि रिजेक्शन आलं की नशिबाला दोष देतात.

एपॉसचा अर्ज डाडकडे नाही तर थेट त्या त्या कोर्सकडे जातो आणि तारखा कोर्सप्रमाणे वेगळ्या असतात. बऱ्याच दिवाळीच्या आधीच संपतात आणि तेही पुढच्या वर्षीच्या ॲडमिशनसाठी. म्हणजे आज मनावर घेतलंस तर विमानात बसायला वर्ष-दीड वर्ष. पाण्याच्या विषयात अजून एक नाव लिहून ठेव, ‘ग्राउंडवॉच’. भूजलावरचा इरॅस्मस मुंडुस, म्हणजे युरोपियन युनियनच्या पैशातल्या स्कॉलरशिप योजनेतला कोर्स आहे, लिस्बन, डेल्फ्ट आणि ड्रेस्डेन अशा तीन ठिकाणी शिकवला जातो. यंदा प्रवेश सुरू आहे का ते त्यांच्या साइटवर बघून घे.

आणि मोटिव्हेशन लेटर, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणारं पत्र. ‘मला लहानपणापासून शेतीची आवड’ हे वाक्य लिहिलंस तर मी स्वतः संगमनेरला येऊन खोडून जाईन. त्यापेक्षा हे लिही की अमुक गावात आम्ही सीसीटी, म्हणजे उतारावरचे सलग समतल चर, खणले, दोन पावसाळ्यांत गाळाने भरले, कारण देखभाल कुणी करायची हे ठरलंच नव्हतं, टँकर पुन्हा सुरू झाला, आणि मला आता हे शिकायचंय की नुसतं खणून न थांबता पाण्याचा कारभार कसा बसवायचा. फसलेलं काम लिहायला लाजू नको, उलट तिथेच वाचणारा थांबतो. रेफरन्ससाठी, म्हणजे शिफारसपत्रासाठी, सर ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हणणार, सगळे म्हणतात. तर निदान त्यांच्याबरोबर अर्धा तास बस आणि त्यांना तुझ्याबद्दल खरंच काय आठवतं ते विचारून घे, नाहीतर दोन्ही पत्रांना तुझ्याच भाषेचा वास येतो आणि तो पकडला जातो.

एक माझी फजिती सांगते. पहिल्या वर्षी चिव्हनिंगचा फॉर्म मी शेवटच्या रात्री जेवून-बिवून अकराला सबमिट करायला बसले. डेडलाइन होती दुपारी १२ ची, पण त्यांच्या घड्याळात, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला पोर्टल बंद झालेलं. चार निबंध लिहून तयार, आणि एक वर्ष गेलं.

प्रश्न : माझ्या मुलीला इरॅस्मस मुंडुस मिळाली, दोन वर्षांची. फी माफ आणि महिना १,४०० युरो. नातेवाईक म्हणतात एवढं फुकट कोण देतं, फसवणूक असेल. शिवाय तिकिटाचे पैसे आधी भरावे लागतील म्हणते. पाटल्या मोडू का? — एक आई, परभणी

उत्तर : आधी मुलीचं मनापासून अभिनंदन! फसवणूक अजिबात नाही, पैसे युरोपियन युनियनचे आहेत, २००४ पासून ही योजना चालू आहे आणि भारतातून दरवर्षी भरपूर मुलं जातात. फक्त पत्र खरं कोर्सकडूनच आलंय ना, एवढं त्यांच्या साइटवरच्या ईमेलवर एकदा विचारून घ्या.

पण तुमच्या मुलीचं बरोबर आहे. पूर्वी प्रवासाचे पैसे वेगळे मिळायचे, आता तिकीट, व्हिसा, तिकडे जाऊन बस्तान बसवायचं सगळं त्या १,४०० मध्येच धरलंय. आणि पहिला हप्ता पोचल्यावर, नोंदणी झाली, बँकेत खातं उघडलं की मगच येतो, कधीकधी महिना-सव्वा महिना लागतो. त्याआधी तिकीट, रूमचं डिपॉझिट, पहिलं भाडं. शिवाय हा कोर्स किमान दोन देशांत होतो, म्हणजे डिपॉझिटची भानगड परत एकदा. जवळ दोन-अडीच लाख असावेत असं मी सांगेन. इन्शुरन्सची काळजी नको, तो कोर्सकडून असतो.

पाटल्या मोडू नका हो ताई. तारण ठेवा. १,४०० युरो म्हणजे साधारण सव्वा ते दीड लाख रुपये, शेअरिंगमध्ये राहून घरी स्वयंपाक केला तर त्यातून शिल्लक पडते, सहा-आठ महिन्यांत पोरगी स्वतः सोडवून आणेल. कोर्स पॅरिसला असेल तर मात्र वर्ष धरा, तिथलं भाडं जीव खातं.

प्रश्न : मी नागपूरची, बौद्ध, बाबा एसटीत कंडक्टर. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि ब्रिटनची कॉमनवेल्थ शेअर्ड, दोन्हीला अर्ज केला तर चालतो का? — एक वाचक

उत्तर : अर्ज दोन्हीला कर, बिनधास्त. घेता एकच येईल, एकाच खर्चाचे पैसे दोघांकडून घेता येत नाहीत. शाहू योजनेत अख्ख्या राज्यातून वर्षाला ७५ जागा आहेत, उत्पन्नाची अट ८ लाखांची, आणि युनिव्हर्सिटी क्यूएस नावाच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये लागते. या अटी मधेमधे बदलल्यात, त्यामुळे सिनियरनं काय केलं ते ऐकू नको, त्या वर्षीची जाहिरात शब्द न् शब्द वाच. इथे ॲडमिशनचं पत्र आधी हातात लागतं. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज पण बघ, १२५ जागा, पण २०२२ पासून भारताचा इतिहास, संस्कृती, भारतीय समाज असे विषय त्यांनी बाहेर काढलेत. विषय समाजशास्त्राकडे झुकणारा असेल तर हे आधीच माहीत हवं. मला स्वतःला हा नियम पटलेला नाही. १९१३ मध्ये बाबासाहेब सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांवर, कोलंबियाला गेले आणि त्यांनी तिथे पेपर वाचला तो भारतातल्या जातींवरच.

बाँडचंही तेव्हापासून आहे बघ, त्यांना बडोद्यात दहा वर्षं नोकरीची अट होती. आज चिव्हनिंगवाले फक्त दोन वर्षं देशात परत या म्हणतात.

कॉमनवेल्थ शेअर्डला एक मुद्दा ठसवून लिही, स्वतःच्या पैशानं हे शिक्षण जमणार नाही. तिथे गरिबी लपवायची नसते. बाबांचा पगार, घरात खाणारी तोंडं, असेल तर कर्ज, सगळं आकड्यात. आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव, जूनमध्ये तहसीलला अकरावीवाल्यांची रांग असते.

प्रश्न : एक एजंट ८० हजारांत स्कॉलरशिपची गॅरंटी देतोय. देऊ का?

उत्तर : नको. त्यातले अठराएक हजार आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेला ठेव, बाकीच्यातून ट्रान्सक्रिप्ट आणि पासपोर्ट काढ. उरलेले तिकिटाला लागतील.