‘अनोळखी पोरींच्या खोलीत झोपणार म्हणते, मॅडम’

सोलापुरात माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे पालक हल्ली एक प्रश्न वरचेवर विचारतात. मुलगी एकटीच फिरायला निघालीय, हॉटेलची खोली परवडत नाही म्हणून हॉस्टेलवर उतरणार म्हणते, पाठवायचं का? ही हॉस्टेलं प्रवाशांची. एका खोलीत सहा-आठ बंक बेड, भाडं खोलीचं नाही तर एका बेडचं, बाथरूम बहुतेक वेळा सामायिक. अशाच एका घराची गोष्ट त्यांच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

घर जुळे सोलापुरातलं, वडिलांचा टॉवेल-चादरींचा व्यवसाय. मुलगी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला. हंपीच्या दगडी मंडपांची स्केचेस करायला चार दिवस जायचं होतं. मैत्रीण ऐनवेळी गळाली, हिने बेत मोडला नाही. होटगी, विजापूर, गदग करत रेल्वेने हंपीजवळचं होस्पेट गाठता येतं, त्यामुळे जायची चिंता नव्हती. चिंता रात्रीची होती.

“अनोळखी पोरींच्या खोलीत झोपणार म्हणते, मॅडम. तुम्हीच सांगा की हिला,” आईने सुरुवात केली. मुलगी उसळली. “तू पंढरपूरला मठात झोपतीस की. तिथं काय सगळ्या तुझ्या ओळखीच्या असतात?”

आई जराही चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “मठात आमची दिंडी असते. विणेकऱ्यांना ठाऊक असतं कोण पोचलं, कोण मागं राहिलं. एक बाई दिसेना झाली तर चारजणी शोधायला निघतात.”

घरात महिनाभर भांडण चाललं होतं ते ‘सुरक्षित आहे’ आणि ‘सुरक्षित नाही’ या दोन शब्दांवर. आईंना नेमकं काय हवंय ते या वाक्यात पहिल्यांदा बाहेर आलं. मी मुलीला विचारलं, “तू जे हॉस्टेल बघितलंयस, तिथे एखाद्या रात्री तू परतली नाहीस तर कोणाच्या लक्षात येईल?” तिच्याकडे उत्तर नव्हतं. तिने फोटो बघितले होते, भाडं बघितलं होतं, गच्चीवरून नदी दिसते हे बघितलं होतं. बावीसाव्या वर्षी माणूस हेच बघणार, त्यात तिचं काही चुकलं नाही.

आईंनी मग मोबाइलमधली बातमी काढली. मार्च 2025 मध्ये हंपीच्या पलीकडच्या काठावर, सणापूर तलावाजवळ, रात्री कालव्याकाठी बसलेल्या पर्यटकांवर हल्ला झाला. दोन स्त्रियांवर सामूहिक बलात्कार झाला, एका तरुणाचा कालव्यात बुडून मृत्यू झाला. अशा वेळी ‘ते एखादंच प्रकरण असतं हो’ असं मी म्हणत नाही. घाबरलेल्या आईला तसं सांगणं म्हणजे तिला गप्प करणं. मी एवढंच म्हटलं, की गुन्हा हल्लेखोरांचा, बाहेर बसलेल्यांचा नाही. पण आपण रात्री कुठून कुठे जाणार, कोणाबरोबर, हे आधी ठरवणं आपल्या हातात आहे आणि ते करूया. मुलगी पहिल्यांदा वही काढून बसली.

हंपीत तुंगभद्रेचा कुठला काठ निवडताय यावर फार काही अवलंबून असतं. विरूपाक्ष मंदिर आणि बहुतेक मोठे अवशेष दक्षिण काठाला, आणि निवांत, नावाजलेली बरीच हॉस्टेलं पलीकडे आनेगुंदी-सणापूरकडे. मधली होडी संध्याकाळी बंद होते, नदीला पाणी वाढलं की दिवसाही बंद राहते. मग पुलावरून लांबचा वळसा, रिक्षावाला सांगेल ते भाडं, आणि अंधारा रस्ता. बेडमागे वाचवलेले शंभर-दीडशे रुपये एका फेरीत जातात. शिवाय नदीतल्या विरूपापूर गड्डी या बेटावरची राहायची जी ठिकाणं जुन्या प्रवासवर्णनांत वाचायला मिळतात, ती सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 2020 मध्ये पाडली गेली. म्हणून अभिप्राय वाचायचे ते गेल्या दोन-तीन महिन्यांतले, आणि तेही पाच ताऱ्यांचे नाही. तीन तारे देणारा माणूस पाणी कधी जातं, दाराची कडी लागते का, हे लिहितो. एकट्या बायकांनी लिहिलेले आधी वाचायचे.

दोन नावं उरली. मी तिला माझ्यासमोरच, स्पीकरवर, फोन लावायला सांगितलं. पहिल्या ठिकाणचा मुलगा प्रत्येक प्रश्नाला “आ जाइए मॅम, कोई टेन्शन नहीं” म्हणत राहिला. मुलींची खोली वेगळी आहे का, तर टेन्शन नहीं. रात्री काउंटरवर कोण असतं, तर टेन्शन नहीं. दुसऱ्या ठिकाणी एका बाईंनी फोन उचलला. मुलींच्या खोलीत सहा बेड, बाथरूम आतच, लॉकर आहे पण कुलूप स्वतःचं आणायचं. येताना प्रत्येकाचं ओळखपत्र घेऊन नोंद करतो, ओळखपत्रावर गावातलाच पत्ता असेल तर बेड देत नाही. अकराला गेट बंद, नंतर बेल वाजवायची, रखवालदार उघडतो.

मी ऐकत होते, तोवर आईंनी फोन स्वतःकडे ओढला. “रात को लडकी के पेट में दुखा तो कौन रहता वहाँ?” पलीकडून उत्तर आलं, मैं यहीं सोती हूँ, गाडी बुलाकर होस्पेट ले जाएँगे. आईंनी आणखी काही विचारलं नाही. फोन परत देताना म्हणाल्या, “हिचा नंबर मला लिहून दे.”

दुसरं हॉस्टेल रोजी दीडशे रुपयांनी महाग होतं. तेच ठरलं. त्याच बैठकीत मी आणखी एक गोष्ट ठरवून घेतली. तिथे गेल्यावर काहीही खटकलं, कारण सांगता आलं नाही तरी, बुकिंगचे पैसे सोडून द्यायचे आणि साध्या लॉजवर वेगळी खोली घ्यायची. त्यासाठीचे पैसे बाजूला ठेवायचे, ते जेवणाखाण्यात मोडायचे नाहीत. स्वस्तात फिरणाऱ्या मुलांना मी हे हात जोडून सांगते. भरलेले पैसे वाया जातील म्हणून नको त्या जागी रात्र काढू नका. आणि पालकांनी त्याबद्दल नंतर टोमणा मारू नये, नाहीतर पुढच्या वेळी मूल सांगणारच नाही.

बोलता बोलता मुलीने आईंना हंपीतल्या विठ्ठल मंदिराबद्दल सांगितलं. संत भानुदासांनी, म्हणजे एकनाथ महाराजांच्या पणजोबांनी, विठोबाची मूर्ती विजयनगराहून पंढरीला परत आणली ही कथा आईंनी कीर्तनात कितीदा तरी ऐकलेली. लेक निघालीय ते हेच गाव, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यानंतर त्या डबा काय द्यायचा ते बोलू लागल्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी, दोन्ही टिकतात.

ती जाऊन आली. पहिल्या रात्री आईंना झोप लागली नाही, आणि ते मला अपेक्षितच होतं. सगळी चौकशी झाली तरी पहिली रात्र जड जातेच, म्हणून निर्णय चुकला असं होत नाही. रोज सकाळी नऊला आणि रात्री साडेआठला फोन ठरला होता, तो तिने पाळला.

वडील मात्र सगळा वेळ कमी बोलले. त्यांची अडचण बेडची, गेटची, रखवालदाराची नव्हतीच. पाव्हण्यांना काय सांगायचं, ही होती. त्यावर चांगलं हॉस्टेल हा इलाज नाही. त्यांनी नातेवाइकांना ‘कॉलेजच्या ट्रिपला गेलीय’ असं सांगून टाकलं, ते मुलीला परतल्यावर कळलं आणि ती फार दुखावली. एकटीने जाऊन आल्याचा तिला अभिमान होता, आणि घरात तोच लपवला गेला होता. आता बापलेक दोघेच माझ्याकडे येतात, त्या एका वाक्यावर बोलायला.