गाडीच्या रोडसाइड असिस्टन्समध्ये ट्रेलरवरची बोटही ओढून नेतात का?

नाशिकहून कसारा घाटातून बोट किनाऱ्याला न्यायची, तर हे गृहीत धरू नका. हे कव्हर सहसा पॉलिसीत नोंदलेल्या गाडीपुरतंच असतं. गाडी फ्लॅटबेडवर (गाडी उचलून नेणाऱ्या सपाट ट्रकवर) चढते आणि बोट ट्रेलरसकट रस्त्याच्या कडेला राहते. विमा कंपनीला ईमेल करून विचारा: ट्रेलर धरलाय का, बोट लादलेली असताना धरलाय का, किती किलोमीटरपर्यंत? उत्तर लेखीच घ्या. पाण्यातलं टोइंग तर पूर्ण वेगळं, ते बोटीच्या पॉलिसीत शोधा.

खरं तर अनेकदा बिघडतं ते ट्रेलरचं बेअरिंग. लांबून आल्यावर हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग बसवलेला मधला भाग, तापलेला असतो. तसाच पाण्यात उतरवला की आतली हवा आकसते, सीलमधून पाणी आत खेचलं जातं आणि ग्रीस दुधाळ होतं. मग परतीच्या वाटेवर बेअरिंग जाम. म्हणून गंगापूर धरणावरसुद्धा उतरवण्याआधी हबला हात लावून बघा. चटका बसला तर अर्धा तास थांबा.

सोबत ट्रेलरच्याच मापाचं स्टेपनी चाक, ग्रीस भरलेला तयार हब आणि ट्रेलरच्या अ‍ॅक्सलखाली बसणारा जॅक ठेवा. गाडीचा जॅक अनेकदा तिथे बसत नाही, हे घरीच तपासा. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३ ही महामार्गाची हेल्पलाइन लावा, आणि ट्रेलरवर बोट आहे हे आधी सांगा.