नळीतून पेज, आणि व्हेंटिलेटरला नकार

प्रश्न : पक्षाघातानंतर नऊ महिने झाले, वडील शुद्धीवर आलेले नाहीत. डोळे उघडतात, पण ओळख नाही. घरीच दर तीन तासांनी नाकातल्या नळीवाटे पेज व दूध देतो. पुन्हा न्यूमोनिया झाला तर व्हेंटिलेटर लावायचा का, असे डॉक्टर विचारतात. भाऊ म्हणतो, आता नळीही काढू या. आम्ही कॅथलिक आहोत. नकार देणे पाप ठरेल का?
– एक वाचक, मरोळ, मुंबई

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत आणि त्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत.

व्हेंटिलेटरबाबत मनावर ओझे ठेवू नका. कृत्रिम श्वसनाविषयी डॉक्टरांनी विचारलेल्या शंकांना १९५७ साली उत्तर देताना पोप पायस बारावे यांनी सांगितले होते की, जीव राखण्यासाठी माणूस सामान्य उपायांना बांधील आहे, स्वतःवर किंवा इतरांवर फार मोठा भार टाकणाऱ्या उपायांना नाही. सुधारणेची आशा नसेल, तर यंत्राला नकार देणे म्हणजे वडिलांना मारणे नव्हे. मात्र व्हेंटिलेटर नको म्हटले म्हणून घशातला कफ काढणे, कूस बदलणे, तोंड ओले ठेवणे थांबत नाही.

अन्नपाण्याचे तसे नाही. अशाच रुग्णांविषयी मार्च २००४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे म्हणाले की, नळीतून दिले तरी अन्नपाणी हा उपचार नसून जीव राखण्याचे नैसर्गिक साधन आहे, आणि ते पोषण करते तोवर देणे तत्त्वतः बंधनकारक आहे. २००७ मध्ये व्हॅटिकनने हीच भूमिका पुन्हा मांडली. अशा रुग्णांना लावल्या जाणाऱ्या ‘वनस्पतिवत’ या शब्दालाही जॉन पॉल दुसरे यांची हरकत होती, कारण माणूस कितीही खंगला तरी माणूसच राहतो. परळच्या केईएम रुग्णालयात, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबाग यांना परिचारिकांनी २०१५ पर्यंत, चार दशकांहून अधिक काळ, सांभाळले. तो सांभाळ डोळ्यांपुढे आणला की मला हे म्हणणे पूर्ण पटते.

‘पोषण करते तोवर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पेज देण्याआधी तुम्ही सिरिंजने पोटातले मागे ओढून पाहत असाल. आधीची पेज वारंवार तशीच परत येऊ लागली, उलटून फुप्फुसात जाऊ लागली आणि डॉक्टरांनी उपाय करूनही शरीर ती घेईनासे झाले, तर देणे थांबवल्याने तुम्ही वडिलांना उपाशी मारले असे होणार नाही. आज पेज अंगी लागत असेल, तर नळी काढू नये. भावाला दोष देऊ नका. नऊ महिन्यांच्या जागरणाने तोही थकला असेल. रात्रीची एखादी पाळी नातेवाइकांनी घेतली, तर त्यालाही झोप मिळेल.